हार्प नाही, सन नाही, नुसतं 'स्टर्लिंग': कॉर्कचा एक जुना चमचा

लीकाठी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

नोकरीनिमित्त आठ वर्षं आयर्लंडात, कॉर्क शहरात आहे. इथे एखाद्या घरातलं म्हातारं माणूस गेलं की कपबशांपासून गालिच्यांपर्यंत सगळं सामान लिलावात निघतं. गेल्या महिन्यात अशाच एका लिलावात बुटाच्या खोक्यात कोंबलेले काटे-चमचे चाळीस युरोला घेतले. "आता भंगारही विकत आणायचं का?" असं बायको म्हणाली. तिचं फारसं चुकलं नव्हतं, कारण खोक्यातला बहुतेक माल जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा दिलेला निघाला.

एक चमचा मात्र हातात घेतल्याबरोबर वेगळा वाटला. वाढपाचा मोठा चमचा, वीतभर लांब. किचनच्या काट्यावर ६२ ग्रॅम भरला. दांड्याचं टोक सारंगीसारखं खांदे काढलेलं, त्याला फिडल पॅटर्न म्हणतात. वाटीची डावी कड झिजून टोक तिरकं झालंय. उजव्या हाताने वर्षानुवर्षं भांड्याच्या तळाशी खरवडलं की असं होत असावं. आमच्या आजीचा कालथा असाच झिजला होता.

प्रश्न ठशांचा आहे. आयरिश चांदीबद्दल जे थोडंफार वाचलं त्यावरून डब्लिनचा हिशोब कळला. मुकुटवाला हार्प म्हणजे कस बरोबर असल्याची खूण. हातात हार्प घेऊन बसलेली बाई म्हणजे हायबर्निया. वर्षाचं अक्षर, कारागिराची आद्याक्षरं, आणि १८०७ नंतर राजाचं डोकं. माझ्या चमच्यावर यातलं काहीच नाही! दांड्याच्या मागे दोनच ठसे आहेत. एका लांबट चौकटीत 'स्टर्लिंग' हा शब्द, आणि दुसऱ्यात दोन ओळी: वर सी-टी, खाली आय-डब्ल्यू.

खोटा आहे का? अमेरिकन आहे का? की खरंच काही घबाड लागलंय? जाणकारांनी सांगावं.

पन्हं

वाचतेय! आमच्याकडे जुन्या चांदीत पळी, पंचपात्र आणि पाडव्याला चमकणारी एक वाटी, एवढाच संग्रह. फोटो टाका की.

अटलांटिकपार

अमेरिकन असणार. आमच्या न्यू जर्सीत दर गराज सेलला 'स्टर्लिंग' लिहिलेले चमचे मिळतात.

डब्लिनची_मावशी

अटलांटिकपार, घाई करू नका. या एका शब्दापायी कित्येक आयरिश चमचे ऑनलाइन 'अमेरिकन' म्हणून विकले जातात (आणि आमच्यासारख्यांना स्वस्तात मिळतात, तेव्हा चालू द्या तुमचं). अमेरिकेत 'स्टर्लिंग' लिहायची सरसकट रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. तोवर चमचे यंत्राच्या साच्यातून निघू लागले होते, त्यांच्यावरची अक्षरं रेखीव आणि एकसारखी असतात. लीकाठींचा चमचा हातोडीने घडवलेला आहे की नाही ते पाहायला सोपं आहे. दांडा दोन बोटांत धरून वाटीपासून टोकापर्यंत बोटं सरकवा. हातघडणीत जाडी थोडी कमीजास्त होत जाते, आणि वाटीजवळ, जिथे जोर येतो तिथे, मुद्दाम जास्त माल ठेवलेला असतो.

आता मुळाशी येऊ. मी डब्लिनमध्ये बावीस वर्षं आहे आणि त्यातली पंधरा या नादात घालवली आहेत, तेव्हा जरा लांबड लावते.

१६३७ साली इंग्लंडच्या राजा पहिल्या चार्ल्सने डब्लिनच्या सोनारांच्या मंडळाला सनद दिली. अख्ख्या आयर्लंडच्या सोन्याचांदीवर त्यांची हुकमत. कस म्हणजे बारा औंसांत अकरा औंस दोन पेनीवेट चांदी. वीस पेनीवेटचा एक औंस, म्हणजे २४० भागांत २२२, आजच्या भाषेत ९२.५ टक्के. उरलेलं मुख्यतः तांबं. ही परीक्षा करणारं असे ऑफिस सगळ्या देशात एकच, डब्लिनला.

आता तुम्ही १७२० सालचे कॉर्कमधले सोनार आहात असं समजा. डब्लिन अडीचशे किलोमीटर. रस्ते म्हणजे चिखल, वाटेत लुटारू. आणि बारा चमचे घडवून, घोड्यावर लादून, टंच काढायला पाठवायचे, परत यायची वाट बघायची, आणि गिऱ्हाईक रोज दारात. कॉर्क तेव्हा गरीब गाव नव्हतं. खारवलेलं गोमांस आणि लोणी यांच्या निर्यातीवर गब्बर झालेलं बंदर होतं, गलबतांच्या गलबतं भरून माल वेस्ट इंडीजला जायचा. पैसेवाले व्यापारी होते, त्यांना जेवणाच्या टेबलावर चांदी हवी होती. मग सोनारांनी आपलं आपण ठरवलं. कॉर्कमधल्या कारागिरांची संघटना १६५६ पासून होतीच. आधी ते शहराच्या मुद्रेतलं गलबत आणि किल्ला ठशात वापरत. साधारण १७१० पासून मात्र आपल्या आद्याक्षरांशेजारी थेट 'स्टर्लिंग' हा शब्दच ठोकायला लागले. कुठल्याही ऑफिसने तो दिलेला नाही. घडवणाऱ्याने स्वतःच लिहून दिलंय.

वर्षाचं अक्षर नसण्याचं कारणही हेच. ते डब्लिनचं ऑफिस द्यायचं. कॉर्कच्या चमच्याचं वय काढायचं तर कारागीर कोण, तो कधी काम करत होता आणि घाट कुठला, यावरूनच.

आणि लीकाठी, तुमचा कारागीर एक नाही, दोन आहेत. फोटो आला की सांगते.

पन्हं

असे ऑफिस म्हणजे कसे ऑफिस? 😄

डब्लिनची_मावशी

कस लावणारे ऑफिस! इंग्रजीतला शब्द आहे, आपल्या कानाला विनोदी लागतो खरा. नवऱ्याने बावीस वर्षांत हा विनोद किमान दोनशे वेळा केलाय.

शंकासुर

मावशी, लुटारूंची गोष्ट छान आहे, पण मला पटत नाही. सोनार आणि कर यांचं नातं जगात सगळीकडे सारखंच असतं. हायबर्नियाचा ठसा आला तोच मुळी करासाठी ना? १७३० पासून आयर्लंडात औंसाला सहा पेन्स कर होता, तो भरल्याची पावती म्हणजे हायबर्निया. डब्लिनला माल पाठवला नाही की कर वाचला. मग 'रस्ते खराब' ही सबब झाली. आमच्याकडे नाही का, 'बिल हवंय की नको' विचारतात!

डब्लिनची_मावशी

शंकासुर, मुद्दा बिनतोड वाटतो, पण तारखा जुळवून बघा. 'स्टर्लिंग' सुरू झालं साधारण १७१० ला, कर आला १७३० ला. वीस वर्षांनंतर येणारा कर चुकवायला कोणी आधीच ठसा पाडून ठेवेल का? सुरुवात अंतरामुळे झाली. ती सवय नंतर शंभर वर्षं टिकली त्यात सहा पेन्सांचा हात असणार, हे मी मान्य करते. सोनारही माणूसच.

आणि रस्त्याच्या सबबीबद्दल एक गंमत. १९२२ मध्ये यादवी युद्धात कॉर्क शहर रिपब्लिकनांच्या ताब्यात होतं आणि डब्लिनशी दळणवळण तुटलं होतं. तिथल्या विल्यम ईगन अँड सन्स या पेढीला माल डब्लिनला पाठवता येईना. त्यांनी काय केलं असेल? दोन किल्ल्यांच्या मधे गलबत असा जुना शहरी ठसा नव्याने करवून घेतला आणि त्या उन्हाळ्यात घडलेल्या मोजक्या वस्तूंवर तो मारला. सरकारी फौजांनी शहर घेतल्यावर ते थांबलं. त्याला आता 'रिपब्लिकन सिल्व्हर' म्हणतात आणि संग्राहक त्यामागे वेडे असतात. कॉर्कच्या पब्लिक म्युझियममध्ये कॉर्कची चांदी आहे, लीकाठी, तुम्ही आठ वर्षं तिथे राहून गेला नसाल तर लाज बाळगा.

लीकाठी

लाज बाळगली. शनिवारी जाऊन आलो. फिट्झजेरल्ड पार्कात दर रविवारी मुलाला घेऊन जातो, म्युझियम त्याच बागेत आहे आणि आत कधी डोकावलो नव्हतो.

फोटो जोडतोय. ठसे भिंगातून घेतलेत.

सराफकट्टा

नमस्कार. आमचा पिढीजात सराफी धंदा, सांगलीकडचा. आयर्लंडचं काही कळत नाही, पण या धाग्यातली गोष्ट मला परकी वाटेना.

सोन्याला हॉलमार्क सक्तीचा झाला तो २०२१ साली. त्याआधी काय होतं? दुकानाचा छाप. भांड्याच्या बुडाला, वाळ्याच्या कडीला सराफाची अक्षरं ठोकलेली असायची. ती वाचून पंचक्रोशीतला कुठलाही सराफ सांगायचा की हा माल अमक्याचा, मोडीत घेताना इतकी तूट धरा. एखाद्याचा छाप दिसला की डोळे मिटून घेत, दुसऱ्याचा दिसला की आधी कानस काढत. माझे आजोबा म्हणायचे, ठसा चांदीवर नसतो, नावावर असतो. कॉर्कच्या सोनारानं 'स्टर्लिंग' लिहिलं, पण शेजारी आपली अक्षरंही ठोकली. नुसतं 'स्टर्लिंग' लिहिणारा पळून जाऊ शकतो. नाव लिहिणारा त्याच गल्लीत राहतो, खोट निघाली तर गिऱ्हाईक सकाळी दारात उभं.

एक शंका. तिथल्या या मालाचा टंच कुणी काढून पाहिलाय का? आणि फोटोत टोकाजवळ दांडा पातळ दिसतो. काही खोडलंय का तिथं?

डब्लिनची_मावशी

सराफकाका, आजोबांचं वाक्य वहीत लिहून ठेवलं. टंचाचं म्हणाल तर, माझ्याकडचे चौदा प्रांतिक (म्हणजे डब्लिनबाहेरच्या गावांत घडलेले) चमचे मी एका ओळखीच्या दुकानात एक्सरे यंत्राखाली धरले. बारा व्यवस्थित कसाला उतरले, दोन किंचित कमी. चौदा चमच्यांवरून इतिहास लिहायचा नसतो, पण माझ्यापुरता मी कॉर्कवाल्यांना माफ केलं आहे. पातळपणाचं तुम्ही बरोबर हेरलंत, त्याकडे येते.

आधी ठसा. लीकाठी, सी-टी म्हणजे कार्डन टेरी. कॉर्कच्या सोनारांमधलं फार मोठं नाव, १७४२ चा जन्म, १८२१ चा मृत्यू. आणि आय-डब्ल्यू...

शंकासुर

...जॉन विल्यम्स. त्यांचा जावई. जुन्या ठशांत 'जे' ऐवजी 'आय' लिहीत, हे मीही आता शोधून काढलं!

डब्लिनची_मावशी

'जे'चा 'आय' होतो हे बरोबर. जावयाचं नावही बरोबर. पण इथे तो नाही. ही जेन विल्यम्स, टेरींची मुलगी आणि जॉनची बायको. जॉन अकाली गेला. त्यानंतर म्हाताऱ्या बापाने आणि विधवा मुलीने मिळून दुकान चालवलं आणि दोघांच्या नावांचा हा जोड-ठसा केला, वर बापाची अक्षरं, खाली लेकीची. म्हणजे तुमचा चमचा साधारण १८०७ ते १८२१ मधला. वर्षाच्या अक्षराशिवाय चौदा वर्षांत आणून ठेवला की नाही?

विधवेने नवऱ्याचं दुकान पुढे नेणं त्या काळी सोनारांत नवलाचं नव्हतं. प्रत्येक चमचा तिने स्वतः ठोकला असेल असं नाही, पण ठसा हा जबाबदारीचा असतो. काकांच्या भाषेत, खोट निघाली तर गिऱ्हाईक जेनच्या दारात.

पन्हं

अय्या! म्हणजे बाईच्या नावाचा चमचा! आमच्या पळीवर आजीचं नाव आहे, पण ते रुखवतातलं.

शॅनन

लिमरिकहून हजेरी. मी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, नाईट संपवून बसमधून लिहितेय, चुका पोटात घाला.

सगळं श्रेय कॉर्कला देऊ नका! लिमरिकचे सोनारही हेच करत. आधी त्यांचे ठसे किल्ल्याचा दरवाजा आणि तारा असे होते, मग तेही 'स्टर्लिंग'वर आले. स्पेलिंगची तर मजाच. कुठे 'स्टर्', कुठे चक्क 'स्टार्लिंग', म्हणजे साळुंकीचा एक भाऊबंद! माझ्याकडे एकच चमचा आहे, पण लिमरिकचं खास नक्षीकाम असलेला. ब्राइट-कट म्हणतात त्याला. छिन्नीसारख्या हत्याराने तिरके काप देत जातात, प्रत्येक काप आरशासारखा चमकतो. टोकाशी तीन पिसांचा तुरा आहे. तो तुरा दिसला की मी आधी लिमरिकचाच विचार करते. दिवाळीत पणतीजवळ धरला होता, तेव्हा कळलं की ही नक्षी विजेच्या दिव्यासाठी नाहीच, हलत्या ज्योतीसाठी केलेली आहे.

मावशी, इतर गावांचं काय?

डब्लिनची_मावशी

शॅनन, पणतीची गोष्ट मला इतक्या वर्षांत सुचली नाही. आज रात्रीच करून बघते.

इतर गावं आहेत, पण ती आपल्या खिशाबाहेरची. यॉल नावाचं बंदर आहे, त्याच्या नावाशी कोटी करून ठशात यॉल जातीची लहान होडी. गॉलवेचा नांगर. गॉलवेचा रिचर्ड जॉइस नावाचा सोनार होता. समुद्रात चाच्यांनी पकडलं, अल्जिअर्सला गुलाम म्हणून नेलं, तिथे धनी सोनारच निघाला, सुटून गावी आला आणि दुकान मांडलं, अशी कथा सांगतात. हृदय धरलेल्या दोन हातांची क्लॅडा अंगठी त्याच्या नावाला चिकटवतात, त्यावर मी पैज लावणार नाही. आर्-आय आणि नांगर असे ठसे दिसले तर मात्र मला उठवा, मध्यरात्र असली तरी.

अटलांटिकपार

माझी अमेरिकन चूक मान्य. एक प्रश्न: माझ्याकडे डब्लिनचे सगळे ठसे असलेला एक चमचा आहे, आणि शेजारी कॉर्कच्या दुकानदाराचंही नाव आहे. तो प्रांतिक म्हणायचा की डब्लिनचा?

डब्लिनची_मावशी

ठशाने डब्लिनचा, दुकानाने कॉर्कचा. एकोणिसाव्या शतकात रस्ते सुधारले, माल डब्लिनला जाऊ लागला आणि 'स्टर्लिंग' मागे पडलं. असे चमचे देखणे असतात, पण विकणारा 'कॉर्क सिल्व्हर' म्हणून दुप्पट भाव सांगेल तर हसून पुढे जा.

आता काकांनी काढलेला पातळपणा. आणि माझं एक दुखणंही सांगून टाकते.

पूर्वी फुशारकीत मी एक 'कॉर्कचा काटा' घेतला होता. अठराव्या शतकातले प्रांतिक काटे चमच्यांच्या मानाने फारच थोडे उरलेत, म्हणून डोळे झाकून पैसे मोजले. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. ठसे अस्सल होते. काटा घरी आणून खऱ्या काट्याशेजारी ठेवला तेव्हा पोटात गोळा आला. दाते आखूड, खांदे जागेवर नाहीत, वजन कमी. कोणीतरी जुन्या चमच्याची वाटी ठोकून सपाट केली होती आणि कापून दाते काढले होते. ठसे खरे, वस्तू खोटी. तेव्हापासून मी वस्तू आधी पालथी करत नाही. आधी सुलटी बघते, वाटी, कड, टोक, तोल. ठसे सगळ्यात शेवटी.

असाच प्रकार 'बेरी स्पून'चा. व्हिक्टोरियन काळात साध्या जुन्या चमच्यांच्या वाटीत द्राक्षं-नाशपती उठवून सोन्याचा मुलामा द्यायची फॅशन आली. दिसायला झकास, संग्राहकाच्या दृष्टीने चमचा गेला.

आणि खोडलेली अक्षरं. चमच्यावर आधीच्या घराण्याची आद्याक्षरं किंवा चिन्ह कोरलेलं असतं. नवा मालक ते घासून काढतो. तिथला पत्रा पातळ होतो, अंगठा आणि तर्जनीत धरून दाबलं तर कळतं. लीकाठी, टोकाच्या पुढच्या बाजूवर तोंडाने 'हा' करून वाफ सोडा आणि तिरप्या उजेडात बघा. डाग देऊन सांधलेली जागा, भरलेलं भोक, पुसलेलं कोरीव, वाफ उडायच्या आत दिसून जातं.

सराफकट्टा

हे आम्हीही करतो. आमच्याकडे कुणी नाव दिलेलं नाही, नुसतं "फुंकून बघ" म्हणतात.

पन्हं

मी तोपर्यंत पळी राखुंडीने घासायला घेतली होती. थांबू का?

सराफकट्टा

थांबा! जुन्या चांदीला राखुंडी, टूथपेस्ट, रांगोळी काही लावायचं नाही. प्रत्येक वेळी कणभर चांदी जाते, आणि आजीच्या नावातली अक्षरं आधी जातात. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं. खाचेतला काळपटपणा राहू द्या, त्यामुळेच नाव वाचता येतं.

शंकासुर

करचुकवेगिरीचा मुद्दा मी अर्धा मागे घेतो. अर्धा ठेवतो, सवय म्हणून.

लीकाठी

रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात बसलो. ओट्यावरचा दिवा तेवढा ठेवला, चमचा तिरपा धरला, 'हा' केलं.

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा वाफ विरताना एक उभी रेघ दिसली. तिसऱ्यांदा नीट दिसलं. वळणदार 'एम', आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या अक्षराची फक्त शेपटी. दोन सेकंदांत गेलं. मुलाला उठवून दाखवावंसं वाटत होतं, पण सकाळी शाळा होती. मग बायकोला उठवलं. तिनेही 'हा' केलं, पाहिलं, आणि म्हणाली, "हे घासून कोणी काढलं असेल, विकणाऱ्याने की सुनेने?"

आईला व्हिडिओवर दाखवला. तिचं मत: आमटीला चांगला आहे, वापरा.

डब्लिनची_मावशी

सुनेला उगाच कशाला मधे आणायचं!

आमटीला वापरायला हरकत नाही, चांदी वापरल्यानेच चांगली राहते. फक्त त्यात मीठ पडून राहू देऊ नका आणि डिशवॉशर नको. टोकाशी पातळ आहे, तेव्हा घट्ट श्रीखंड वाढायला घेऊ नका, वाकेल.

आणि त्या खोक्यातले बाकीचे चमचे 'मुलामा' म्हणून बाजूला काढलेत ना, ते टाकायच्या आधी एकेकाची पाठ फोटो काढून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सगळ्यांची.